भिक्षापात्रातल्या वड्या

बाबांच्या संधिवातावर उतारा म्हणून मी गांजा घालून नारळाच्या चिकट वड्या केल्या होत्या. आज सकाळी माझ्या नुआनला दोई इन्थानॉन डोंगरावर निघालेल्या शाळेच्या सहलीच्या बसमध्ये बसवून आले, तर फ्रीजमधला डबा रिकामा!

“पहाटे भिक्खूंना वाढल्या,” आई म्हणाली. “आता दान करायलाही तुझी परवानगी घ्यायची होय?”

मी अनवाणीच विहाराकडे पळाले. थोरले भिक्खू अंगण झाडत होते.

“भन्ते, त्या वड्या कुणी खाल्ल्या का हो?”

“नाही गं पोरी. आमच्यातल्या कुणी चाखल्याही नाहीत.”

माझ्या जिवात जीव आला.


“नुआनच्या शाळेची बस पाया पडायला थांबली होती ना, त्या ड्रायव्हरला दिल्या. म्हटलं, दोई इन्थानॉनच्या घाटात चघळत राहिला, की डोळा लागायचा नाही.”