आणखी एक शाल

आष्ट्याच्या कॉलेजात विज्ञानदिनाला मी विश्वाच्या सुरुवातीच्या महाकाय कृष्णविवरांवर भाषण दिलं. अध्यक्ष होता वीरधवल, संस्थेच्या चेअरमनांचा मुलगा. मिसरूड फुटलं नाही तोवर कॉलेज, दूधसंघ, सगळीकडं हाच. मला नोकरीत कायम करणारी सहीही याचीच व्हायची होती. सत्काराच्या शालींचा ढीग मांडीवर घेऊन त्यानं माईक ओढला. "मॅडम, विश्व तवा कोवळं होतं म्हणता. मग विवरं इतक्या लवकर एवढी मोठी झाली कशी?" "दोन शक्यता," मी म्हटलं. "जन्मालाच मोठी आली, नाहीतर मर्यादा सोडून गिळत गेली. स्वतःचा उजेड त्यांना नसतो. झगमगतं ते तोंडात पडणारं." पहिल्या रांगेत चेअरमनांचा चेहरा काळवंडला. वीरधवल मात्र खुशीत म्हणाला, "लय भारी." हातची सही गेलीच होती. मी माझ्या सत्काराची शालही त्याच्या ढिगावर ठेवली. ती चाचपत त्यानं विचारलं, "आन् नारळ?"