मंगळवार, पाच वाजता

मुलुंडला घरी पेटीवादन शिकवणाऱ्या शुभाताईंनी चाळीस वर्षं शिकवणीच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिल्या. आज सुनेने सगळा आठवडा त्यांच्या फोनमधल्या कॅलेंडरमध्ये भरून दिला. ताई बोटाने पुढचे महिने सरकवत बसल्या. महिन्यांची वर्षं झाली, दोन हजार पंचाहत्तर साल आलं, तरी दर मंगळवारी पाच वाजता गार्गीची शिकवणी होतीच! “अगं, तेव्हा मी एकशेवीस वर्षांची असेन!” “सॉरी आई, शेवटची तारीख टाकायची राहिली. द्या, टाकते.” “राहू दे गं.” ताईंनी फोन तसाच बाजूला ठेवला. तेवढ्यात आठ वर्षांची गार्गी आली आणि नेहमीच्या छोट्या पेटीपाशी बसली. ताईंच्या स्वतःच्या पेटीला आजवर एकाही विद्यार्थ्याने हात लावला नव्हता. ती त्यांनी उचलून गार्गीपुढे ठेवली. “आजपासून हिच्यावर वाजव. पुढे मंगळवारी पाचला या खोलीत तूच शिकवायचंस.”