खंडेनवमीचा पाना

खंडेनवमीच्या दुपारी उमाकांतच्या वडिलांच्या, अप्पांच्या छातीत कळ उठली. मल्लेश्वरमच्या त्या गल्लीत मोटार एकट्या उमाकांतकडे, आणि नेमकं तिचंच चाक बसलेलं. पूजेत न मांडलेली सांडशी आणि सायकलचा पाना, एवढंच काय ते हाताशी होतं. सांडशी बोल्टवरून घसरली, पाना पुरेना. शेजारचे देवाप्पा हळहळले, पण म्हणाले, "आज आयुधपूजा, अण्णा. हत्यार कसं उचलू?"

चाकाचा मोठा पाना देवापुढे होता, हळदकुंकू लावलेला. दसरा उजाडेपर्यंत त्याला शिवायचं नाही, हा अप्पांचाच दंडक. लहानपणी उमाकांतने या दिवशी नुसता हातोडा उचलला, तर अप्पा जेवले नव्हते.

समोरच्या खाटेवर अप्पा घामाने निथळत होते. उमाकांतने पान्याकडे हात नेला, तशी त्यांनी जोरजोरात मान हलवली. नको, नको!

उमाकांतला रडूच फुटलं. "अप्पा, पाप मला लागू दे!"

"अरे, तो झिजलाय," अप्पा कसेबसे बोलले. "चांगला माझ्या गादीखाली आहे. पूजेला दरवर्षी झिजलेलाच ठेवतो मी."