अठरावा सुरुंग

"सतरा," तुळशीराम म्हणाला. "सायरन वाजवू नको, बाळू. एक राहिलाय."

खाणीतली धूळ अजून खाली बसली नव्हती. त्याचा मदतनीस बाळू, त्याने सायरनच्या बटणावरचा हात मागे घेतला. अठरा भोकं भरली होती, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकेक सुरुंग उडायला हवा होता. तुळशीराम बावीस वर्षं ते आवाज बोटांच्या पेरांवर मोजत आला होता. एक जरी कमी भरला, तर न उडालेली दारू दगडांच्या ढिगाखाली जिवंत पडून असते. पोकलेनचा दात तिला लागला, की मग माणसं तुकड्यांनी गोळा करावी लागतात.

"तू किती मोजलेस?"

"माझं ध्यान नव्हतं, दादा."

अर्धा तास थांबून तुळशीराम एकटाच ढिगावर चढला. वायरीचे तुकडे पाहिले, दगड हाताने बाजूला केले. काही दिसलं नाही. डाव्या कोपऱ्याचा संशय वाटला, तिथे त्याने लाल झेंडा रोवला आणि पोकलेनला तिकडे फिरकू दिलं नाही.

तो सोमवार होता. दारू पेटवणाऱ्या कॅपांची नवी पेटी त्याच दिवशी फोडली होती.

मंगळवारी पुन्हा सतरा. बुधवारीही. कधी सहाव्यानंतर, कधी अकराव्यानंतर मधलाच एक आवाज गळायचा, अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसा. डोंगर एक सुरुंग आपल्यापाशी ठेवून घेतो, असं पोकलेनवाले आपसात बोलायला लागले. दुपारी यंत्रं थांबली की ढिगातले दगड आपोआप सरकायचे, कुणी झोपेत कूस बदलावी तसे. मग डबा खायला तिथे कुणी बसेना.

गुरुवारी चौथा झेंडा लागला, तेव्हा मॅनेजर नीलेश स्वतः वर आला. खाली डंपरांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

"तुळशीकाका, चार दिवसांत चार ढीग अडवलेत तुम्ही. एकात तरी काही सापडलं का?"

"ढिगाच्या पोटात काय हाय ते वरून दिसत नाय, साहेब."

"बाळू, आज तू किती मोजलेस?"

बाळूने आधी नीलेशकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "अठरा."

"मी पण अठराच मोजले," नीलेश म्हणाला. आवाज मऊ होता. "काका, कान दाखवून घ्या एकदा. बावीस वर्षं म्हणजे थोडी नाहीत."

तुळशीरामचा शेवटचा भरवसा घरी होता.

विचुंबे गावाच्या टोकाला त्याचं घर. ओट्यावरून डोंगर समोर दिसायचा. आज किती भोकं भरणार, ते तो सकाळीच प्रमिलाला सांगून निघायचा. एक वाजता ती हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन मोजायची. दोन वर्षांपूर्वी तिला एक कमी लागला होता, तर अनवाणी खाणीच्या फाटकापर्यंत धावत आली होती. तिचं मोजणं बरोबर निघालं होतं. तिचा कान तुळशीराम स्वतःच्या कानाहून खरा मानायचा. या आठवड्यात तर धूळ बसायच्या आत तिचा फोन यायचा, "बरं हाव ना?"

"आज किती झाले?" घरी आल्या आल्या त्याने विचारलं.

प्रमिला तांदूळ निवडत होती. "अठरा."

"आणि काल?"

"अठराच. रोज अठरा." ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "अवो, कान गेलं तुमचं. आता पुरं करा ना."

शुक्रवारी सकाळी पनवेलच्या डॉक्टरने कानाला यंत्र लावून तपासलं. डावा बराच गेलाय, उजवाही उतरलाय, म्हणाला. कागद खिशात घालून तुळशीराम खाणीत आला. आपल्याच कानाच्या दोषापायी चाळीस माणसांना भुताच्या भीतीत ठेवलं, याची त्याला लाज वाटत होती. चारही झेंडे त्याने स्वतःच्या हाताने उपटले. मग राजीनामा लिहून दिला. त्याची जागा बाळूला मिळाली. बाळूकडेही सुरुंग उडवायचं, ब्लास्टरचं सर्टिफिकेट होतं.

"दादा, रागावला नाय ना?" बाळूने विचारलं.

"नाय रे. पण पोकलेनच्या आधी ढीग तू पायाखाली घालायचा. माझी पद्धत मोडू नको."

रविवारी बाळूच्या मुलीचं बारसं झालं. रेवा नाव ठेवलं. प्रमिलाने तिला संध्याकाळपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

सोमवारी एक वाजता तुळशीराम आयुष्यात पहिल्यांदा ओट्यावर बसून डोंगराकडे बघत होता. सायरन झाला. पाखरं उडाली. सवयीने त्याचा अंगठा पेरांवरून सरकू लागला आणि सतराव्या पेरावर थांबला.

त्याला हसू आलं. बहिऱ्या कानांचं काय मनावर घ्यायचं?

धूळ विरली. दुसरा सायरन झाला. सगळं ठीक असल्याचा, बाळूने दिलेला. थोड्या वेळाने पोकलेनची घरघर सुरू झाली आणि डाव्या कोपऱ्याकडे सरकत गेली. तिच्यापुढे बाळू चालत असणार, ढीग पायाखाली घालत.

प्रमिला चहा घेऊन शेजारी येऊन बसली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा निवांत दिसत होता.

"मला सतराच लागले बघ," तो हसत म्हणाला. "तू किती मोजलेस?"

तिने कप त्याच्या हातात दिला आणि त्याच्या बोटांवरून आपला हात काढला नाही.

"सतरा," ती म्हणाली. "रोज सतराच झाले. पण आता तिकडं तुमी नाय ना."