विनीची विजार

बिघडलेल्या स्त्रीला पुन्हा स्त्री करणं याहून थोर राष्ट्रकार्य नाही, असं मॅसॅच्युसेट्समधल्या त्या सुधारगृहाच्या अधीक्षिका मिस थॉर्नडाइक म्हणत. या राष्ट्रकार्याला रोज पोतंभर बटाटे लागत. ते विनी टॅन्सी सोलायची.

विनीचा गुन्हा असा, की भाऊ क्षयाने अंथरुणाला खिळल्यावर तिने त्याची विजार चढवून त्याची दुधाची घोडागाडी हाकली. न्यायाधीशांनी तिला बाई होईपर्यंत आत ठेवायला सांगितलं. झाली की नाही हे समिती ठरवायची. तीही वर्षातून एकदा यायची, आणि समिती बाहेरची एखादी नोकरी घेऊन आली, तरच त्या नोकरीवर एक मुलगी सुटायची.

समिती परवडली, पण मिस थॉर्नडाइकचे सापळे नकोत. खिडकीत सिगारेट ‘विसरलेली’ असायची. मागचं दार ‘चुकून’ उघडं राहायचं, आणि दाराआड पहारेकरीण. लॉटी पेल दोन्हींत सापडली होती. तिचा पाव करपायचा, शिवण उसवायची. तळघरातली कोठडी म्हणजे तिचं माहेर.

“अगं, एक झुरका मार. बाई काय खाणारेत तुला?” ती विनीला डिवचायची.

“मला घरी जायचंय,” विनी म्हणायची. भावाला पुढचा हिवाळा दिसणार नाही, असं डॉक्टरांनी कळवलं होतं.

महायुद्धाच्या दुसऱ्या वसंतात समितीच्या बायका आल्या. विनीने पाव भाजला, चहा ओतला, नजर वर केली नाही. बायका खूश झाल्या. मग मिस थॉर्नडाइकनी टेबलावर एक निळी विजार ठेवली. इस्त्रीची, नवीकोरी.

“गावातले पुरुष लढाईवर गेलेत. दूधवाल्याला गाडी हाकायला माणूस हवंय, आणि तुला तर येतंच. ही घाल, आजच नीघ.”

विनीच्या तळहातांना लगाम आठवला. मग खिडकीतली सिगारेट आठवली. तिने हळूच पाहिलं. दार उघडं होतं.

“नको बाई,” ती म्हणाली. “ते पुरुषांचं काम. मी आता सुधारलेय.”

समितीतल्या एकीने डोळे टिपले. मिस थॉर्नडाइकनी घसा खाकरला आणि तिला स्वयंपाकघरात पाठवलं.

विनीने हात धुतले, केस नीट केले आणि निकालाच्या बोलावण्याची वाट बघत बसली. तेवढ्यात बाहेर चाकं वाजली. दुधाची गाडी एकदा कुंपणाला घासून, एकदा खांबाला धडकून, पहारेकरणीने उघडून धरलेल्या फाटकाबाहेर पडली. वर निळ्या विजारीत लॉटी होती.

तिने जन्मात कधी लगाम धरला नव्हता.