शेंदऱ्या मारुतीचा फोटो

फोटोतला मारुती कोळशासारखा काळा निघाला, तसा गुरव भडकला. "देव कोपला! उचला ती फोटोची पेटी आणि चालते व्हा!"

"अहो, तांबडा रंग पेटीतल्या या काचेवर काळाच उमटतो," फोटोग्राफर त्र्यंबकराव काकुळतीला आले. "शेंदरावर पांढरं काही लावून एकदाच बघू."

"देवाला चुना फासणार?"

गुरवीण घरातून लोण्याचा गोळा घेऊन आली. मूर्ती पांढरीशुभ्र झाली. त्र्यंबकरावांनी आरशाने ऊन गाभाऱ्यात वळवलं, पेटीचं झाकण काढलं. छबी उमटेपर्यंत थांबणं भाग होतं. तेवढ्यात लोणी ओघळू लागलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. हाही फोटो गेला!

पण फोटोत ओठांपाशी लोणी पसरलं होतं आणि मारुती चक्क हसत होता. गुरवाने हात जोडले. "प्रसन्न झाला!"

"होणारच," गुरवीण बोटं चाटत म्हणाली. "रोज नुसतं तेल. आज लोणी मिळालं."