साहेबांच्या डाव्या कानाशी

"हे कोण हो, वासुदेवराव?" सूर्यकांत साहेबांनी हळूच विचारलं.

वासुदेवराव त्यांच्या डाव्या कानाशी वाकले. "वली. अल क्वोजला वर्कशॉप आहे. नुकतंच मुलाचं लग्न झालं."

"काय वलीभाई, सूनबाई कशा आहेत?"

"अल्हमदुलिल्ला, मजेत," म्हणत वली खूश होऊन पुढे सरकला.

आखातातल्या ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये साहेबांचा निरोप समारंभ होता. इथल्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद सोडून ते कायमचे पुण्याला निघाले होते. ऑफिसात काय, मंडळात काय, वासुदेवराव जन्मभर त्यांचे सेक्रेटरी. वर्षभरापूर्वी साहेब ज्याचं त्याचं नाव विचारायला लागले, तेव्हाच त्यांनी ओळखलं, साहेबांना विसर पडतोय. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी कुणाला कळू दिलं नाही; आत्ता दोघांना दारात सोडून गाडी पार्क करायला गेलेल्या आपल्या मुलीला, अस्मितालाही नाही. आजचा दिवस निभावला की साहेब मानाने घरी जातील, एवढंच त्यांना हवं होतं.

स्टेजवर शाळेच्या मुलांचं रोमन नाटक चाललं होतं. अधिकाऱ्यापुढे काठ्यांच्या मोळ्या घेतलेले सेवक, मागे कारकून, आणि एकजण समोर येणाऱ्यांची नावं अधिकाऱ्याच्या कानात सांगणारा.

"बघा, तुमची पोस्ट दोन हजार वर्षं जुनी निघाली," साहेब हसले.

"त्याला निदान अंगावर घ्यायला चादर तरी दिलीय, साहेब."

तेवढ्यात एक वयस्कर बाई पुढे आल्या. "हलिमा," वासुदेवराव कुजबुजले.

"या मैमुनाबी," साहेब म्हणाले. "खोर फक्कानवरून एवढ्या लांब आलात?"

वासुदेवरावांना घाम फुटला. पण बाई मनाने मोठ्या. "तुमच्यासाठी यायला नको?" एवढंच म्हणाल्या, चुकीबद्दल चकार शब्द काढला नाही. वासुदेवरावांच्या मनात आलं, पुण्यात कोण वाकणार यांच्या कानाशी?

मग अबोली साडीतली एक तरुणी थेट त्यांच्याकडे आली. चेहरा ओळखीचा, हसू तर फारच ओळखीचं. वासुदेवराव कानाशी वाकले, पण नाव काही केल्या जिभेवर येईना. आता साहेबांची फजिती होणार, म्हणून त्यांनी डोळेच मिटून घेतले.

साहेबांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"ये अस्मिता," ते म्हणाले. "तुझ्या बाबांनी आज एकदाही चुकू दिलं नाही मला."